साहेबाच्या गावाकडच्या बंगल्यात नक्की चालायचं काय?

मुंबईत शाळेत असताना जो कोणी क्रिकेट खेळलाय त्याला हॅरिस शील्ड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. 1988 मधे तेंडुलकर आणि कांबळीने 664 ची पार्टनरशिप ठोकली ती याच स्पर्धेत. पण हा हॅरिस कोण, हे मी तरी शाळेत कधी कोणाला विचारलं नाही. तर हा चौथा लॉर्ड हॅरिस, 1890 ते 1895 मुंबईचा गव्हर्नर. इथली नोकरी संपली, साहेब परत गेले, आणि 1932 साली केंट परगण्यातल्या बेलमाँट नावाच्या आपल्या घरी वारले. आता हे बेलमाँट आलं कुठून? तर त्याचा पणजोबा जनरल हॅरिस, 1799 साली श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान पडला तेव्हा इंग्रजी फौजेचा मुख्य होता, लुटीतला जो वाटा त्याला मिळाला त्यातून त्याने 1801 मधे हे घर आणि जमीन विकत घेतली. म्हणजे टिपूचा खजिना गेला केंटमधे, आणि तिथल्या साहेबाचं नाव आलं आझाद मैदानावर. मला हे कळलं तेव्हा मी जरा वेळ गप्पच बसलो आणि मग या विषयात घुसलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

तर आज हेच समजून घेऊ, साधारण 1900 ते 1914 या काळात इंग्लंडमधल्या श्रीमंत घराण्याच्या गावाकडच्या इस्टेटीवर आयुष्य कसं चालायचं. टीव्हीवर आपण झुंबरं, मोत्यांच्या माळा आणि चांदीच्या ताटलीत पत्र घेऊन येणारा बटलर बघितलाय. ते खोटं नाही. पण ते म्हणजे लग्नाच्या हॉलमधे जेवून यायचं आणि मागे आचाऱ्याच्या भट्टीकडे बघायचंच नाही, तसं आहे.

पहिला गैरसमज काढून टाकू. कंट्री हाऊस म्हणजे फार्महाऊस नव्हे. आपल्याकडे शहरात राहणारा माणूस कर्जतला फार्महाऊस बांधतो आणि शनिवार रविवार जातो, तिकडे बरोबर उलटं होतं. खरं घर गावाकडचं, आणि लंडनमधलं घर हे सीझनपुरतं, म्हणजे साधारण मे ते जुलै, पार्लमेंट चालू असतं तेव्हा. त्यात मुलींची लग्नं जमवायची, नाच, रेस, दरबार. 12 ऑगस्ट उजाडला की स्कॉटलंडला ग्राऊस नावाच्या पक्ष्याची शिकार सुरू, मग शरद ऋतूपासून आपल्या गावी फेझंटची शिकार, नोव्हेंबरपासून घोड्यावरून कोल्ह्यामागे धावणं. वर्षाचं सगळं कॅलेंडर पार्लमेंट आणि पक्षी या दोघांनी मिळून ठरवलेलं.

दुसरा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पैसे यायचे कुठून? कारण घर बघून वाटतं की काय वैभव, पण घर एक पैसा कमवत नाही, ते फक्त खातं. कमावते ती जमीन. 1870 च्या दशकात सरकारने जमीनमालकांची गणती केली तेव्हा निघालं की जेमतेम 7,000 घराण्यांकडे देशातली चार पंचमांश जमीन आहे. ही जमीन मालक स्वतः कसत नव्हता. ती मोठ्या शेतकऱ्यांना खंडाने दिलेली, ते शेतकरी मजूर लावून ती कसणार, आणि वर्षातून दोनदा, 25 मार्च आणि 29 सप्टेंबरच्या सुमारास, खंड आणून भरणार. हिशोब ढोबळ धरला तर एकराला वर्षाला एक पौंड, म्हणजे दहा हजार एकरांच्या मालकाला वर्षाला दहा हजार पौंड. हे सगळं बघायला एजंट असायचा, आपल्या भाषेत दिवाणजी किंवा कारभारी, आणि खरं सांगायचं तर इस्टेट तोच चालवायचा. गावातली मजुरांची घरं मालकाची, बऱ्याच ठिकाणी दारूचा गुत्ता मालकाच्या जागेत, चर्चमधे पाद्री कोण नेमायचा हा हक्कसुद्धा अनेकदा मालकाकडे. आपल्याकडे कोकणात खोत होता त्याची आठवण येते, फक्त खोत हा सरकार आणि कुळ यांच्यामधला वसुली करणारा, आणि इकडे हा माणूस सरळ मालक, वर लॉर्ड असेल तर कायदे करणाऱ्या सभागृहात वंशपरंपरेने खुर्ची.

आता वाटणीचं बघा, कारण इथेच आपली आणि त्यांची गोष्ट वेगळी होते. आपल्याकडे चार भाऊ असले की चार वाटण्या, मग पुढच्या पिढीत सोळा, आणि शेवटी बांधावरून भांडणं आणि कोर्टात तारखा. त्यांच्याकडे सगळं थोरल्या मुलाला. धाकट्यांना थोडी रक्कम आणि जा बाबा आर्मीत, चर्चमधे, वकिलीत नाहीतर हिंदुस्थानात. (आपल्याकडे आलेले कित्येक कलेक्टर आणि कॅप्टन हे असे घरातून हात हलवत निघालेले धाकटे होते, त्यांचा तो रुबाब कुठून आला आणि पगाराची एवढी काळजी का, दोन्ही यातून कळतं.) आणि थोरल्याला मिळायचं ते सुद्धा खऱ्या अर्थाने त्याचं नसायचं. घराण्याचा एक करार असायचा, त्याप्रमाणे आत्ताचा मालक हा फक्त हयातभराचा राखणदार, उत्पन्न खा पण मूळ विकू नकोस, आणि मुलगा 21 वर्षांचा झाला की बाप त्याला बसवून पुन्हा नव्याने सही करून घेणार, म्हणजे पुढची पिढी बांधली गेली. त्यामुळे इस्टेट तुटत नसे. पण त्यामुळेच वाईट दिवस आले तेव्हा हे लोक एका जागी अडकले, जमीन हजारो एकर आणि हातात रोकड नाही, अशी गंमत.

आणि वाईट दिवस आले. आपल्याला वाटतं की पहिल्या महायुद्धाने हे सगळं संपवलं, पण पाया त्याच्या चाळीस वर्षं आधीच हलला होता. अमेरिकेत प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या अफाट गवताळ मैदानांवर, रेल्वे गेली, आगबोटी स्वस्त झाल्या, आणि तिकडचा गहू इंग्लंडच्या बाजारात येऊन पडला. सुएझ कालवा झाल्यावर मुंबई आणि कराची बंदरातून आपला गहूसुद्धा तिकडे जायला लागला. 1877 साली क्वार्टरला (धान्याचं तिकडचं जुनं माप) 56 शिलिंगांच्या वर असलेला गव्हाचा भाव 1894 मधे 23 शिलिंगांच्या खाली आला. भाव पडला की शेतकरी म्हणणार खंड कमी करा नाहीतर जमीन सोडतो. मालक काय करणार, कमी केला. म्हणजे 1900 साली जे वैभव दिसतंय ते बऱ्याच ठिकाणी उधारीवर चाललेलं होतं.

मग उपाय? श्रीमंत सून. 1895 मधे दोन लग्नं झाली. ब्लेनहाइम पॅलेसच्या ड्यूक ऑफ मार्लबरोने न्यूयॉर्कच्या रेल्वेवाल्या व्हँडरबिल्टांची कन्सुएलो केली, हुंडा म्हणून सुमारे 25 लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर. आणि हायक्लेअर नावाच्या घराच्या लॉर्ड कार्नारव्हॉनने अल्मिना केली, जिच्यामागे रॉथ्सचाइल्ड बँकवाल्यांचा पैसा उभा होता. याच कार्नारव्हॉनने पुढे इजिप्तमधे तुतनखामेनचं थडगं शोधायला पैसे पुरवले, ते 1922 मधे सापडलं. हुंडा म्हटलं की आपण आपल्याच समाजाला शिव्या देतो, द्यायलाच हव्यात, पण हे लॉर्ड लोक काही वेगळं करत नव्हते, फक्त बँड वेगळा वाजत होता.

कन्सुएलोने ब्लेनहाइमचा एक किस्सा स्वतःच लिहून ठेवलाय. तिने घंटा वाजवली, बटलर आला, ही म्हणाली जरा शेकोटी पेटवा. काडी फक्त लावायची होती. बटलर म्हणाला, मी फूटमनला (बटलरच्या हाताखालचा गडी) पाठवून देतो. शेवटी ती म्हणाली राहू दे, आणि स्वतःच पेटवली. अमेरिकन पोरीला हा वेडेपणा वाटला असणार, पण बटलरच्या बाजूने बघा, त्याने काडी लावली असती तर उद्यापासून तो बटलर राहिला नसता.

आता घरात शिरू, आणि शिरायचं तर मागच्या दाराने. मला हे सगळं समजलं ते गरम पाण्याच्या हिशोबातून, म्हणून तिथूनच सांगतो. समजा घरात वीस पाहुणे आहेत. बहुतेक जुन्या घरात बेडरूमला नळ नाही, पाहुणा आंघोळ करणार ती आपल्या खोलीत, शेकोटीपुढे ठेवलेल्या पत्र्याच्या टबात. ते पाणी तळघरातल्या बॉयलरवर तापणार, पितळी कॅनमधे भरलं जाणार, एका कॅनमधे आठ नऊ लिटर, आणि मोलकरीण ते मागच्या जिन्याने दोन तीन मजले चढवणार. सकाळी उठल्यावर तोंड धुवायला एकदा, दुपारच्या जेवणाआधी हात धुवायला एकदा, रात्रीच्या जेवणाचे कपडे बदलताना एकदा, झोपताना एकदा. आणि जेवढं वर गेलं तेवढं वापरून घाण झालेलं खाली आणायचं, हे आपण विसरतो. त्यात रात्रीची भांडी वेगळी, कळलं असेल कसली. पाण्याच्या जोडीला कोळसा, कारण प्रत्येक खोलीत शेकोटी, तिच्यासाठी कोळशाची बादली वर आणि राखेची बादली खाली. हाउसमेड पहाटे साडेपाच सहाला उठून आधी हेच करणार, शेकोटीची जाळी घासून काळ्या पॉलिशने चकाकवणार, पेटवणार, आणि घरचे लोक उठायच्या आत दिवाणखान्यातून गायब होणार. अनेक घरांत नियमच होता की हाउसमेड मालकांच्या नजरेला पडता कामा नये. म्हणून मागचे जिने, भिंतीत बेमालूम बसवलेली दारं, आणि तो हिरव्या जाड लोकरी कापडाने मढवलेला दरवाजा, ज्याच्या अलीकडे मालक आणि पलीकडे नोकर. कापड का, तर पलीकडचा आवाज आणि वास अलीकडे येऊ नये म्हणून. ससेक्समधलं अपपार्क नावाचं घर तर असं की जेवण भुयारातून मुख्य घरात जायचं. याच अपपार्कमधे एच. जी. वेल्स या लेखकाची आई 1880 ते 1893 हाउसकीपर, म्हणजे बाई नोकरांची मुख्य, होती, आणि पोरगा सुट्टीत आईकडे येऊन खालच्या मजल्यावरून ही सगळी दुनिया बघत होता.

कोणी म्हणेल, अरे मग पाइप का नाही टाकले? तंत्र तर होतं. नॉर्थम्बरलँडमधे क्रॅगसाइड नावाचं घर आहे, लॉर्ड आर्मस्ट्राँगचं, हा तोफा आणि पाण्याच्या दाबावर चालणारी मशिनं बनवणारा कारखानदार. त्याच्या घरात 1878 मधे पाण्यावर तयार केलेल्या विजेने आर्क दिवा लागला, 1880 मधे त्याचा मित्र जोसेफ स्वान याचे बल्ब लागले, पाण्याच्या दाबावर लिफ्ट, आणि स्वयंपाकघरात मांस भाजायची सळी सुद्धा पाण्यावर फिरणारी. म्हणजे सगळं शक्य होतं. पण ज्याची पिढ्यान्पिढ्या माणसं हाताखाली आहेत त्याला पाइप कशाला पाहिजे, पाइपला खर्च येतो, पोरगी वर्षाला बारा चौदा पौंडात मिळते. आपल्याकडे वॉशिंग मशीन का उशिरा आलं, त्याचंही एक कारण हेच नाही का, बाई दोनशे रुपयात धुणं करत होती तोवर कोणाला घाई नव्हती.

नोकरांची उतरंड हा तर वेगळाच विषय आहे, आणि मला वाटतं जातव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला तो साहेबापेक्षा लवकर कळेल. सगळ्यात वर पुरुषांत बटलर आणि बायकांत हाउसकीपर. बटलरकडे दारूच्या तळघराची किल्ली आणि चांदीची भांडी, हाउसकीपरकडे चादरी, चिनी मातीची भांडी, साखर, चहा, मुरंबे यांची कोठी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आपल्या जुन्या घरातल्या थोरल्या काकूसारखा. हाउसकीपरला आणि स्वयंपाकिणीला "मिसेस" म्हणायचं, लग्न झालेलं असो नसो, तो मान हुद्द्याचा. मालकाचा खास नोकर व्हॅले आणि मालकिणीची लेडीज मेड हे पण वरच्या पंगतीतले, कारण ते रोज मालकाच्या अंगाला हात लावतात, गुपितं त्यांनाच माहीत. मग फूटमन, हाउसमेड, किचनमेड, कपडे धुणाऱ्या, दिव्यांची काजळी पुसणारा, आणि सगळ्यात तळाला भांडी घासणारी स्कलरीमेड आणि हॉलबॉय. तेरा चौदा वर्षांची पोरं ही. सोड्याच्या पाण्यात आणि वाळूत तांब्याची भांडी घासून हात फाटलेले, आणि दर्जा असा की इतर नोकरांचं जेवण वाढणं हे पण हॉलबॉयचंच काम. नोकरांचेही नोकर.

दुपारचं जेवण नोकरांच्या हॉलमधे, सगळे एकत्र, पण बसायची जागा हुद्द्याप्रमाणे फिक्स. अनेक घरांत पद्धत अशी की मटणाचा पदार्थ सगळ्यांनी मिळून खायचा, ते झालं की वरची मंडळी उठून रांगेने हाउसकीपरच्या खोलीत जाणार आणि गोड तिकडे खाणार. पाहुण्यांबरोबर त्यांचे नोकर यायचे, त्यांना त्यांच्या मालकाच्या नावाने हाक मारायचे आणि मालकाच्या मानाप्रमाणे बसवायचे, म्हणजे ड्यूकचा व्हॅले हा साध्या सरच्या व्हॅलेच्या वर. वरच्या मजल्यावरच्या लोकांना नसेल एवढं मानपानाचं वेड खाली होतं असं मला सारखं वाटत राहतं, आणि ते स्वाभाविक आहे, दुसरं काही नसलं की माणूस खुर्ची धरून ठेवतो.

नावांचा प्रकार तर ऐका. काही घरांत पहिल्या फूटमनचं नाव जॉन, दुसऱ्याचं जेम्स असं ठरलेलं, माणूस बदलला तरी नाव तेच, नव्या पोराने आपलं नाव फाटकाबाहेर ठेवून यायचं. फूटमन उंच पाहिजे आणि दोघांची उंची सारखी पाहिजे, कारण ते जोडीने उभे राहतात, घोड्यांसारखे. उंचीला जास्त पगारही मिळायचा. आणि पुरुष नोकर ठेवायला सरकारला टॅक्स द्यावा लागायचा, वर्षाला माणशी 15 शिलिंग, हा टॅक्स 1937 पर्यंत चालू होता. म्हणून पुरुष नोकर म्हणजे शान, बाहेर दिसतील तिथे पुरुष, दिसणार नाहीत तिथे बायका.

फूटमन एवढे कशाला लागायचे त्याचं एक कारण जेवणाची पद्धत. आधी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे आणि पाहुणे एकमेकांना देणार. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत आली, म्हणजे एक पदार्थ, तो फूटमनने प्रत्येकाच्या डाव्या बाजूने पुढे करायचा, मग प्लेट उचलायची, मग दुसरा. सूप, मासा, मांस, पक्षी, गोड, फळं, एका रात्री आठ नऊ कोर्स, प्रत्येकाला वेगळी प्लेट आणि वेगळे काटे चमचे. वीस लोकांची मिळून किती भांडी झाली ते तुम्हीच गुणा, आणि मग त्या स्कलरीमेडची आठवण काढा. बायका दिवसात चार चार वेळा कपडे बदलणार, सकाळचे वेगळे, बाहेर फिरायचे वेगळे, चहाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. आपल्याला हे रिकामटेकडेपण वाटतं, पण शनिवार ते सोमवार चालणाऱ्या या पार्ट्यांत मंत्री असायचे, संपादक असायचे, कोणाला कुठलं खातं आणि कोणाची मुलगी कोणाला हे सगळं तिथेच पक्कं व्हायचं. हे घर म्हणजे एक प्रकारचं ऑफिस होतं, फक्त फायली नव्हत्या.

बाहेरची माणसं तर अजून वेगळी, माळी, तबेल्यातले, सुतार, गेमकीपर. कॉर्नवॉलमधे हेलिगन म्हणून ट्रेमेन घराण्याची इस्टेट आहे, तिथे युद्धाआधी 22 माळी होते. आणि ते माळी इंग्लंडच्या थंडीत अननस पिकवत होते! कसे, तर जमिनीत खोल चर, वर काचेचं झाकण, आणि शेजारच्या खंदकात घोड्याची ताजी लीद भरायची, ती कुजताना जी ऊब निघते तिच्यावर अननस. एक फळ यायला दोन वर्षं. कोकणात बांधावर उगवणाऱ्या फळासाठी एवढी लीद उपसणारे लोक बघून हसू येतं, पण टेबलावर अननस ठेवला की पाहुण्याला न बोलता कळायचं की या घरात काय कमी नाही.

शिकारीचं वेड मात्र मला आजही पचत नाही. फेझंट हे पक्षी गेमकीपर कोंबड्यांसारखे वाढवायचे, खाऊ घालायचे, आणि मग ठरलेल्या दिवशी गावातले लोक काठ्या आपटत त्यांना झाडीतून उडवणार, पुढे साहेब बंदुका घेऊन उभे, मागे माणूस दुसरी बंदूक भरून देणारा. 18 डिसेंबर 1913 ला हॉल बार्न नावाच्या इस्टेटीवर राजा पंचम जॉर्ज पाहुणा होता, त्या एका दिवसात 3,937 फेझंट पडले. परत जाताना राजालाच वाटलं की आज जरा अतीच झालं, असं त्याच्या मुलाने सांगितलंय. राजाच्या स्वतःच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीत तर शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून घड्याळं अर्धा तास पुढे लावलेली असायची, ते 1936 पर्यंत. आणि त्याच रानात गरीब माणसाने रात्री ससा मारला तर तो चोर, तुरुंग.

आता या काळात घरं घेणारे नवे लोक कोण होते ते बघा, कारण तिथे पुन्हा मुंबई येते. डेव्हिड ससून 1830 च्या दशकात बगदादहून मुंबईत आला, अफू आणि कापसाच्या व्यापारात गब्बर झाला, त्याच्या मुलाने अल्बर्टने 1875 मधे कुलाब्याची ससून गोदी बांधली, आणि मग घराणं हळूहळू लंडनला सरकलं. अल्बर्टचा नातू फिलिप ससून, त्याने केंटमधे पोर्ट लिम नावाचं घर बांधलं, आणि लंडनच्या उत्तरेला ट्रेंट पार्क, जे त्याने 1920 च्या दशकात नव्याने सजवलं, आणि त्यासाठी विटा वापरल्या लंडनमधे पाडलेल्या डेव्हनशायर हाऊसच्या. म्हणजे जुन्या ड्यूकचं घर पडतंय आणि त्याच्या विटांवर मुंबईच्या व्यापाऱ्याचा पणतू चर्चिलला चहा पाजतोय. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच ट्रेंट पार्कमधे पकडलेले जर्मन जनरल आरामात ठेवले होते, आणि भिंतींत मायक्रोफोन लावून त्यांच्या गप्पा ऐकत होते, पण तो वेगळा लेख होईल. आपले सर रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, यांनीही 1906 मधे ट्विकनहॅमला थेम्सच्या काठी यॉर्क हाऊस घेतलं आणि बागेत संगमरवरी नग्न पुतळ्यांचं कारंजं बसवलं. ही इस्टेट नव्हे, नदीकाठचं घर, पण हौस तीच. पुतळे अजून तिथे आहेत, आणि त्यांच्या संग्रहातल्या कित्येक वस्तू आपल्या मुंबईच्या म्युझियममधे, जिथे आपण शाळेच्या सहलीला जाऊन फक्त भुसा भरलेला वाघ बघून येतो.

मग हे संपलं कसं? एका फटक्यात नाही. 1894 मधे अर्थमंत्री सर विल्यम हार्कोर्टने वारसा कर आणला, सगळ्यात मोठ्या इस्टेटीला आठ टक्के, तेव्हा लोक ओरडले की बुडालो. 1909 मधे तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्जने बजेटमधे तो अजून वाढवला आणि जमिनीवर नवे कर सुचवले, लॉर्ड सभेने बजेटच फेटाळलं, आणि त्याचा परिणाम उलटा झाला, 1911 मधे त्यांचा व्हेटोच काढून घेतला गेला. 1919 पर्यंत सगळ्यात वरचा दर 40 टक्के. त्यात युद्धात बाप वारला आणि पाठोपाठ मुलगा पडला तर दर मृत्यूमागे कर लागू शकत होता, लढाईत मेलेल्यांना काही सवलत होती म्हणा, पण तरी. 1911 मधे अजून एक झालं, नोकरांचा विमा आला, मालकिणीने दर आठवड्याला नोकराच्या कार्डावर स्टॅम्प चिकटवायचे. याविरुद्ध बायकांनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमधे मोठी सभा भरवली, मालकिणी आणि मोलकरणी दोघी आल्या होत्या! आम्ही स्टॅम्प चाटणार नाही म्हणून. तीन पेन्सचा प्रश्न होता.

पण माझ्या मते खरा धक्का कराचा नव्हता, पोरींचा होता. 1911 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधे सुमारे 13 लाख बायका घरकामात होत्या, बायकांचं सगळ्यात मोठं नोकरीचं क्षेत्र ते. आणि तेव्हापासूनच पोरी दुकानात, टाइपरायटरवर, टेलिफोनवर जायला लागल्या होत्या, पगार थोडा असेल पण संध्याकाळी सहानंतर तुम्ही तुमचे. युद्धात कारखान्यांनी हात पसरले आणि गेल्या त्यातल्या बऱ्याच जणी परत यायला तयार नव्हत्या. वीस पाहुण्यांचं पाणी वर कोण नेणार? एवढ्या एका प्रश्नावर शंभर खोल्यांचं घर अडतं.

हेलिगनला माळ्यांसाठी एक संडास होता, त्याच्या भिंतीवर ऑगस्ट 1914 मधे माळ्यांनी पेन्सिलने आपापली नावं लिहिली होती. त्यातले काही युद्धावरून आलेच नाहीत, बाग रानात गेली, आणि 1990 मधे लोक झाडं तोडत आत शिरले तेव्हा भिंतीवर ती नावं दिसली.

आणि वेल्समधे रेक्सहॅमजवळ एर्डिग आहे, यॉर्क घराण्याचं. या घराण्याला विचित्र सवय, पिढ्यान्पिढ्या ते आपल्या नोकरांची चित्रं आणि नंतर फोटो काढून ठेवायचे आणि प्रत्येकावर यमक जुळवून कविता करायचे, सुताराची, स्वयंपाकिणीची, सगळ्यांची. कविता भयंकर आहेत. पण दुसऱ्या कुठल्या घराने आपल्या सुताराचं चित्र भिंतीवर लावलंय? शेवटचा मालक फिलिप यॉर्क लग्न न केलेला, घरात वीज नाही, सायकलवर फिरणारा, आणि घराखाली सरकारी कोळशाची खाण गेल्यामुळे घर सुमारे दीड मीटर खचलेलं, छतातून पाणी. 1973 मधे त्याने ते नॅशनल ट्रस्टला, म्हणजे अशी जुनी घरं जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. आता तिकडे बघायला जाणाऱ्यांना पुढच्या मोठ्या दारातून घेत नाहीत, आधी सुताराचं आवार, मग तबेला, धुण्याची खोली, स्वयंपाकघर, नोकरांचा हॉल, आणि मग शेवटी दिवाणखाना.